नॅनो-केमो: रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

केमोची पहिली तारीख ठरली की घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधाशोध करतं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारतं, "नॅनोवालं इंजेक्शन नाही का देता येणार? त्याने म्हणे फक्त गाठच मरते." या वाक्यातला पहिला भाग विचारण्यासारखाच आहे. दुसऱ्या भागासाठी हे पान लिहिलं आहे. तुमची फाइल आमच्यासमोर नाही, त्यामुळे औषध कोणतं आणि डोस किती हे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यांना काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

नॅनो-केमो म्हणजे नवीन औषध का?

बहुतेक वेळा नाही. आतलं औषध जुनंच असतं: डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, इरिनोटेकन. यांतलं प्रत्येक औषध साध्या रूपात कित्येक वर्षं वापरात आहे. बदलतं ते त्याचं वाहन. औषध मोकळं सोडण्याऐवजी चरबीच्या, प्रथिनाच्या किंवा पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणात भरून शिरेवाटे दिलं जातं.

हे कण किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते. लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या फुग्यात भरलेल्या डॉक्सोरुबिसिनचा कण साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा, तर अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलचा सुमारे १३० नॅनोमीटरचा. हे माप मुद्दाम निवडलेलं आहे. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात आणि दोनशेच्या वर गेलेले प्लीहेत अडकायला लागतात.

साध्या केमोत अशी काय अडचण होती?

औषधागणिक अडचण वेगळी आहे आणि जाहिरातीत नेमकं हेच गाळलेलं असतं.

डॉक्सोरुबिसिन हे ते लाल औषध. केमोच्या वॉर्डात एखाद्या स्टँडला लालभडक द्रव लटकलेला दिसला तर बहुधा तेच. ते काम चोख करतं, पण हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ही इजा साठत जाते. म्हणून या औषधाला जन्मभराची मर्यादा आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. त्यापुढे गेल्यास हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. गाठ औषधाला दाद देत असतानाही ते थांबवावं लागतं.

पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट निराळी. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. क्रेमोफोर एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनतं आणि काही रुग्णांना त्याची जोरदार अॅलर्जी येते. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी स्टिरॉइड आणि अॅलर्जीविरोधी इंजेक्शनं टोचतात ती मुख्यतः या द्रावकापायी. म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या नॅनो रूपाचं पहिलं उद्दिष्ट गाठ शोधणं हे नव्हतंच, क्रेमोफोरपासून सुटका हे होतं.

लायपोसोममध्ये औषध भरतात कसं?

लायपोसोम म्हणजे आपल्या पेशींच्या आवरणात असतात तशाच मेदरेणूंचा दुपदरी फुगा. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात तो पहिल्यांदा ओळखला. यात औषध भरता येईल हे लवकरच लक्षात आलं, पण भरलेलं औषध गळून जाई आणि फुगे यकृतात अडकून पडत. या दोन्ही अडचणींवर उपाय सापडायला पुढची वीसेक वर्षं गेली.

जेरुसलेममध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी फुग्याच्या आत अमोनियम सल्फेटचं द्रावण ठेवायचं आणि बाहेरचं धुऊन टाकायचं. मग बाहेर डॉक्सोरुबिसिन सोडायचं. आतला अमोनिया वायुरूपात आवरणातून बाहेर झिरपतो, आत आम्लता वाढते. विद्युतभार नसलेला डॉक्सोरुबिसिनचा रेणू आवरण ओलांडून आत येतो, आत येताच त्याच्यावर भार चढतो आणि सल्फेटशी जुळून त्याचा स्फटिक बनतो. आता त्याला परत जाता येत नाही. एका फुग्यात असे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मधोमध स्फटिकाची रेघ असलेला हा कण अगदी कॉफीच्या बीसारखा दिसतो.

यकृताचा प्रश्न पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेगने सोडवला. फुग्यावर या लवचीक साखळ्या लावल्या की भोवती पाण्याचा थर धरला जातो, रक्तातली प्रथिनं सहजी चिकटत नाहीत आणि भक्षक पेशींना कण उशिरा ओळखू येतो. मोकळं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांतच रक्तातून बाहेर पडून सगळीकडच्या ऊतींत शिरायला लागतं. पेग लावलेलं लायपोसोम मात्र दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं.

या कणांना गाठ सापडते कशी?

ते शोधत नाहीत. फिरता फिरता तिथे गळतात.

जपानमधल्या कुमामोतो इथे हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी १९८६ साली दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, फटी असलेल्या असतात. निरोगी वाहिनीतून बाहेर पडू न शकणारे मोठे कण तिथून बाहेर पडतात. शिवाय ऊतींतला जादा द्रव परत वाहून नेणाऱ्या लसीका वाहिन्यांची गाठीत धड व्यवस्था नसते, त्यामुळे बाहेर पडलेलं परत वाहून जात नाही, तिथेच साचतं. नॅनो-औषधांचा बराचसा डोलारा पुढची तीस वर्षं या निरीक्षणावर उभा राहिला.

त्याला मोठा हादरा बसला २०१६ मध्ये. टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेले ११७ प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला ०.७ टक्के. त्याच गटाने २०२० मध्ये आणखी एक धक्का दिला: उंदरांच्या गाठींत गेलेल्या कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून गळून नव्हे, तर वाहिनीच्या अस्तरपेशींनी स्वतः आत घेऊन पलीकडे सोडल्यामुळे पोचले होते. फटी होत्या, पण फार थोड्या. हा वाद अजून मिटलेला नाही. माणसांच्या गाठी तर एकसारख्याही नसतात. एकाच रुग्णाच्या दोन गाठींत कण वेगवेगळ्या प्रमाणात साचल्याचं स्कॅनमध्ये दिसलं आहे.

एक टक्काही पोचत नसेल तर मग उपयोग काय?

हे आकडे प्राण्यांवरचे, बहुतेक उंदरांवरचे आहेत. आणि मोकळं औषधही काही गाठीत धो-धो ओतलं जात नाही. त्याचाही अगदी थोडा वाटा तिथे पोचतो, उरलेला सगळीकडे पसरतो.

उपयोग दुसऱ्या बाजूने झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, तिथे लायपोसोम बाहेर पडत नाही, म्हणून हृदयाला औषध कमी मिळतं. आजवर बाजारात टिकलेल्या नॅनो-केमोचा ठोस फायदा बहुतांशी हाच आहे: औषध नको तिथे कमी जातं. गाठीवरचा मारा वाढतोच असं नाही. डॉक्टरांशी बोलताना हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं बरंच सोपं होईल.

'टार्गेटेड नॅनोपार्टिकल' म्हणतात ते हेच का?

वर सांगितलं ते अप्रत्यक्ष लक्ष्यीकरण. प्रत्यक्ष लक्ष्यीकरणात कणावर एखादं प्रतिपिंड (अँटिबॉडी) किंवा रेणू लावतात, जो कर्करोगाच्या पेशीवरच्या ठरावीक ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो. कल्पना सुंदर आहे. प्रयोगशाळेतही ती छान चालते. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र ती आतापर्यंत अडखळली आहे.

प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींवरचा पीएसएमए रेणू ओळखणारा बाइंड-०१४ हा कण मोठ्या अपेक्षेने माणसांपर्यंत आला. तो बनवणारी अमेरिकन कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्तनाच्या काही कर्करोगपेशींवर जास्त असणाऱ्या हर-२ या ग्राहीला चिकटणाऱ्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनची, एमएम-३०२ ची, स्तनाच्या कर्करोगातली चाचणी त्याच वर्षअखेरीस थांबवावी लागली, कारण प्रचलित उपचारापेक्षा फायदा दिसत नव्हता. कारण समजून घेण्यासारखं आहे. चिकटणारा रेणू कामाला येतो तो कण पेशीच्या शेजारी पोचल्यावर. तिथपर्यंतच्या प्रवासात त्याची मदत नाही. उलट रक्तात शिरताच कणाभोवती प्रथिनांचा थर बसतो आणि तो रेणूच कधी कधी झाकला जातो.

ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकनसारखी औषधं या गटातली नाहीत. तिथे प्रतिपिंडालाच केमोचे रेणू थेट जोडलेले असतात, वेगळा कण नसतो. ती चांगलीच यशस्वी झाली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी 'टार्गेटेड' म्हटलं असेल तर त्यांना ही औषधं किंवा रोजच्या गोळ्या अभिप्रेत असण्याचीच शक्यता जास्त. सरळ विचारा.

आज प्रत्यक्ष वापरात काय काय आहे?

पेग लावलेलं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन सगळ्यांत जुनं. डॉक्सिल या नावाने त्याला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली ती एड्सच्या रुग्णांमधल्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी. पुढे अंडाशयाचा कर्करोग आणि मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग यांची भर पडली. अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे नॅब-पॅक्लिटॅक्सेल, २००५ मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी आलं. नंतर फुफ्फुस आणि स्वादुपिंड. लायपोसोमल इरिनोटेकन २०१५ चं, स्वादुपिंडासाठी. २०१७ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी एकाच लायपोसोममध्ये सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ५:१ या प्रमाणात भरलेलं औषध आलं.

भारत यात मागे नाही. पॅक्लिटॅक्सेलचं पॉलिमर वापरलेलं नॅनोझेल हे रूप डाबर फार्माने इथेच विकसित केलं. आणि २०११-१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला फेब्रुवारी २०१२ मध्ये तात्पुरती मुभा दिली. वर्षभराने, फेब्रुवारी २०१३ मध्ये, सनच्या जेनेरिक लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला तिथे रीतसर परवानगीही मिळाली. 'आपल्याकडचं भारतीय कंपनीचं नॅनो चालेल ना' असं विचारणाऱ्यांना हा प्रसंग सांगावासा वाटतो.

याने आयुष्य वाढतं का?

इथे थोडं थांबून वाचा, कारण 'इतके महिने जास्त जगले' हे आकडे सगळे देतात, पण कशाच्या तुलनेत ते सांगत नाहीत.

स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ५०९ स्त्रियांवर साधं आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन समोरासमोर तपासलं गेलं, निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुर्मान जवळजवळ सारखं: लायपोसोमल गटात २१ महिने, साध्या गटात २२. हृदयाचा त्रास होण्याचा धोका मात्र साध्या औषधात तिपटीहून जास्त होता. केस जाण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० वर आलं. आणि हातापायांची त्वचा सोलण्याचा त्रास २ टक्क्यांवरून ४८ वर गेला. देवाणघेवाण अशी आहे.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसायटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेलं. हा फायदा खरा आहे. पण तुलना एकट्या जेमसायटाबिनशी होती, साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीशी नव्हती. त्यामुळे दुसरं औषध वाढवल्याचा फायदा सिद्ध झाला, त्याच्या नॅनो असण्याचा नाही. लायपोसोमल इरिनोटेकनच्या चाचणीतही ६.१ विरुद्ध ४.२ महिने हा फरक इरिनोटेकन मुळीच न मिळालेल्या गटाशी होता.

पॅक्लिटॅक्सेलच्या दोन रूपांची थेट तुलना झाली आहे आणि तिचे निकाल दोन तऱ्हेचे आहेत. तीन आठवड्यांतून एकदा देण्याच्या पद्धतीत नॅब-पॅक्लिटॅक्सेलने ३३ टक्के रुग्णांत गाठ आकसली, साध्याने १९ टक्क्यांत. नंतर साधं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला देण्याची पद्धत रुळली. त्या साप्ताहिक पद्धतीशी अमेरिकेत तुलना झाली तेव्हा नॅब सरस ठरलं नाही आणि त्याचे दुष्परिणाम जास्त निघाले.

निखळ विजय म्हणावा तो रक्ताच्या कर्करोगातल्या त्या दोन औषधांच्या लायपोसोमचा. साठ ते पंचाहत्तर वयाचे, जास्त धोक्याच्या प्रकारचा ल्युकेमिया असलेले रुग्ण, तीच दोन औषधं, फक्त एका गटाला साधी आणि एका गटाला लायपोसोममधली. आयुर्मान ५.९५ महिन्यांवरून ९.५६ वर गेलं. नॅनोकणामुळे फरक पडतो हे सिद्ध करायला चाचणी अशी लागते.

केस जातील का?

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनवर बऱ्याच जणींचे केस टिकतात किंवा विरळ होतात. नॅब-पॅक्लिटॅक्सेलवर बहुतेक सगळ्यांचे जातात. उपचारानंतर परत येतात.

तळहात-तळपाय लाल होऊन आग होते. औषध बंद करावं लागेल का?

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा हा ठरलेला त्रास आहे. जास्त वेळ फिरणारे कण जिथे दाब, घर्षण आणि उष्णता असते तिथल्या बारीक वाहिन्यांतून त्वचेत झिरपतात. पहिल्या सलाईनला सहसा काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर (केमोच्या फेरीनंतर) सुरू होतं: आधी मुंग्या आणि लाली, मग सूज, आणि दुर्लक्ष केलं तर फोड येऊन साल निघते. बायकांना काखेत आणि ब्लाउज काचतो तिथे, पुरुषांना पट्ट्याच्या जागीही होतं.

आपल्या घरांत हा त्रास वाढवणाऱ्या गोष्टी अगदी रोजच्या आहेत. भाकरी थापणं, गरम तवा हाताळणं, कपडे घासून धुणं, कढत पाण्याने आंघोळ. सलाईननंतरचा आठवडाभर ही कामं दुसऱ्या कुणाला तरी द्या, हे सासूबाईंनाही समजावून सांगा. आंघोळीचं पाणी कोमट घ्या. नव्या कडक चपला या काळात घालू नका, सैल आणि मऊ तळाच्या घाला. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. साधं, वास नसलेलं मलम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावा.

औषध बहुधा बंद करावं लागत नाही. पुढची सायकल एक-दोन आठवडे लांबवतात किंवा डोस कमी करतात. पण त्यासाठी त्रास सुरू झाल्या झाल्या कळवायला हवा. पुढच्या तारखेला फोड घेऊन आलात तर वेळ गेलेली असते.

सलाईन सुरू होताच छातीत दडपण आलं, चेहरा लाल झाला. हे काय?

पहिल्याच वेळी, पहिल्या काही मिनिटांत हे होऊ शकतं. शरीराची संरक्षणयंत्रणा कणांवर एकदम प्रतिक्रिया देते. म्हणून सुरुवात अगदी सावकाश, मिनिटाला एक मिलिग्रॅम इतक्या वेगाने करतात. दडपण, धाप, कंबरदुखी, घशात आवळल्यासारखं काहीही वाटलं तर लगेच सिस्टरना हाक मारा. बहुतेकदा सलाईन थांबवून, औषधं देऊन, पुन्हा हळू सुरू करता येतं. घरी लवकर जायचंय म्हणून वेग वाढवायला सांगू नका.

औषध आम्हालाच बाहेरून आणायला सांगितलंय. काय बघायचं?

खोक्यावर आणि बाटलीवर 'लायपोसोमल' किंवा 'लायपोसोम' असं लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. साधं डॉक्सोरुबिसिन आणि हे, दोन्ही लाल, दोन्हींवर मोठ्या अक्षरात डॉक्सोरुबिसिनच. दोघांचे डोस वेगळे आहेत आणि अदलाबदल जिवावर बेतू शकते. नीट निरखलं तर साधं औषध पारदर्शक लाल असतं, लायपोसोमल किंचित दुधाळ. पण रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आइसपॅक घातलेल्या पेटीतून न्या. फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका, गोठलं की फुगे फुटतात. पोचल्यावर पेटी टेबलावर ठेवून रांगेत बसू नका, फार्मसीत किंवा सिस्टरकडे द्या. पुढचं काम त्यांचं: हे औषध मिठाच्या सलाईनमध्ये नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करतात आणि नळीला गाळणी लावत नाहीत.

सोयाबीनची जबर अॅलर्जी असेल तर आधी सांगा. या लायपोसोममधला मेद सोयापासून घेतलेला असतो. नॅब-पॅक्लिटॅक्सेलमधलं अल्ब्युमिन मानवी रक्तातून, तपासणी आणि शुद्धीकरण करून घेतात.

नॅनो मिळालं नाही, त्याच मिलिग्रॅममध्ये साधं दिलं तर?

नाही. अंडाशयाच्या कर्करोगात लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चार आठवड्यांनी ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर असं ठरलं आहे. साधं एकटं देताना तीन आठवड्यांनी ६० ते ७५. नॅब-पॅक्लिटॅक्सेल २६०, साधं १७५. आकडे परस्पर बदलता येत नाहीत. औषध बदललं तर डॉक्टरांनी नवा कागद लिहून द्यायला हवा.

आता हृदयाची तपासणी टाळता येईल ना?

टूडी इको करायचाच. धोका कमी झाला आहे, शून्य नाही. आधी कधी साधं डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच गटातलं एपिरुबिसिन घेतलं असेल तर त्याची जुनी फाइल दाखवा, तो डोसही बेरजेत धरतात.

खर्च जास्त का, आणि कमी कसा करता येईल?

लायपोसोम बनवणं अवघड आहे. प्रत्येक बॅचमध्ये कणाचं माप, आत भरलेलं औषध, गळतीचा वेग हे सगळं जुळावं लागतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोग-औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, त्याने बऱ्याच किमती उतरल्या. तरी एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक असतो, छापील किमतीवर सूट मागायला लाजू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचं नेमकं नाव सांगून विचारा की ते पॅकेजमध्ये आहे का. नुसतं 'केमो आहे का' विचारलं तर 'हो' असंच उत्तर येईल.

आणि डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या बाबतीत साध्या औषधाऐवजी हे देण्याचं कारण काय? हृदय कमकुवत आहे, डॉक्सोरुबिसिनची जन्मभराची मर्यादा संपत आली आहे, क्रेमोफोरची अॅलर्जी आली, मधुमेहामुळे स्टिरॉइड टाळायचं आहे, ही सगळी चांगली कारणं आहेत. 'हे लेटेस्ट आहे' हे कारण नाही. त्यासाठी दागिने गहाण टाकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळ्या बुरशीच्या वेळचं इंजेक्शन असंच होतं ना?

हो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिससाठी ज्या लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन-बी साठी लोक गावोगाव फिरले, ते याच तंत्राचं अपत्य. साधं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडं बिघडवतं, लायपोसोममधलं बरंच कमी. या औषधावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने १९९० च्या दशकातच काम केलं होतं. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींतला एमआरएनएही मेदाच्या नॅनोकणांत भरलेला होता.

नॅनो हळदीच्या कॅप्सूल, सुवर्णभस्म हेही नॅनोच की. केमोऐवजी घेतलं तर?

केमोऐवजी नाही. कण बारीक असणं हा औषधाचा गुण ठरत नाही, रस्त्यावरच्या धुरातही नॅनोकण असतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर नॅनो रूपात संशोधन चालू आहे हे खरं, पण त्याने कर्करोग बरा होतो असं माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. केमोसोबत घेत असाल तरी लपवू नका. काही पदार्थ यकृतात औषधाचं विघटन बदलतात. आमटीतली हळद बिनधास्त खा.

हे कण शरीरात कायमचे राहतात का?

मेदाचे आणि अल्ब्युमिनचे नाही, त्यांचं शरीरात विघटन होतं. सोनं, सिलिका अशा कणांबाबत हा प्रश्न रास्त आहे, ते यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ राहू शकतात. अशा औषधांची सुरक्षितता कशी तपासावी यासाठी जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

पुढे काय येतंय?

बातम्यांत दर महिन्याला काहीतरी येतं आणि त्यातलं बहुतेक उंदरांतच राहतं. उष्णतेने उघडणाऱ्या लायपोसोमचं उदाहरण घ्या. गाठ जरा गरम करायची, कण तिथेच फुटेल, औषध तिथेच सांडेल. ऐकायला बिनतोड. थर्मोडॉक्स या नावाने यकृताच्या कर्करोगात दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१३ मध्ये पहिली अपयशी ठरली आणि २०२० मध्ये दुसरीतही फायदा दिसला नाही. मला स्वतःला जास्त आशा वाटते ती कमी आकर्षक कामाबद्दल: आधी स्कॅनवर दिसणारे कण टोचून कुणाच्या गाठीत ते साचतात हे बघायचं आणि त्यांनाच नॅनो-औषध द्यायचं. सरसकट सगळ्यांना देऊन सरासरी काढली की ज्यांना फायदा होतो तेही त्या सरासरीत बुडून जातात.

अशा चाचणीत भाग घेता येईल का?

येईल, निकषांत बसत असाल तर. भारतातल्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी संकेतस्थळावर असते, तिथे आजाराचं आणि औषधाचं नाव टाकून शोधा. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार घेत असाल तर तुमच्या युनिटमध्येच विचारा. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सहीची घाई करू नका. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही देय असते. चाचणीतलं औषध विकत घ्यायला कुणी सांगत असेल तर सही करण्याआधी रुग्णालयाच्या नैतिकता समितीला फोन करा, तिचा नंबर संमतीपत्रावरच छापलेला असतो.